अंकुश, तिसरं व्याख्यान राहिलं

अंकुश, तुझी ही खोड मला कधीच पटली नाही. भांडण ऐन रंगात आलं की तू उठून चप्पल शोधायला लागायचास. "उद्या बोलू, भास्कर." आणि तुझा उद्या कधी आठवड्यानं उगवायचा, कधी वर्षानं. या वेळी तर हद्द केलीस. तीन व्याख्यानं ठरली होती, दोन झाली आणि तिसऱ्याच्या दिवशी सकाळी गालावर दाढीचा साबण तसाच ठेवून तू गेलास. भर सभागृहात एका पोरीला शब्द दिला होतास की तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्या व्याख्यानात देतो. आता ते उत्तर कुणी द्यायचं? सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी तुझा मित्र म्हणे.

पेपरात तुझी बातमी आली. माझ्याच पेपरात, पण मी लिहिली नाही, माझ्याच्यानं लिहवली नाही. ऑफिसातल्या पोरांनी लिहिली. 'निवृत्त जिल्हा न्यायाधीश, निःस्पृह, मितभाषी.' मितभाषी वाचून मला त्या परिस्थितीतही राग आला. रोज सकाळी बायपासच्या कडेनं फिरताना तू माझं डोकं किती खाल्लंस ते त्या पोरांना काय ठाऊक.

निःस्पृह मात्र खरं होतं, आणि त्याचाच मला जास्त ताप झाला. तुझं गाव ओढ्याच्या पलीकडं. अलीकडं आमचा शिरूर कासार तालुका, पलीकडं दुसरा जिल्हा. माणसं तीच, माती तीच, पण सरकारच्या हिशेबात तू परजिल्ह्यातला, म्हणून तर न्यायाधीश होऊन तू आमच्या जिल्ह्यात येऊ शकलास. मला केवढा आनंद झाला होता. म्हटलं, आता होस्टेलसारख्या गप्पा होतील. आणि तू पहिल्याच आठवड्यात मला समोरून येताना बघून रस्ता ओलांडलास. ओळखीचं हसलासुद्धा नाहीस. मी तिथंच पानाच्या टपरीपाशी उभा राहून तुला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात आलास ते मंडपाच्या बाहेर. बाहेरूनच अक्षता टाकल्यास आणि वळून निघालास. मी धावत तुझ्या मागं आलो, म्हटलं, "न जेवताच का चाललास रं?" तर म्हणालास, "आत वकील जेवायला बसलेत. त्यातल्या दोघांची प्रकरणं माझ्यासमोर चालू हायेत." आमच्या मामाला मी काय सांगायचं होतं? सांगितलं की साहेबांचा उपास हाय.

निवृत्त झाल्यावर तरी सुधारशील असं वाटलं होतं. नारायणगडावर गेलतो आपण, आठवतंय का? एका जमादारानं तुला ओळखलं आणि हाताला धरून रांगेच्या पुढं नेलं. दोन मिनिटांत दर्शन झालं असतं. तू त्याला हात जोडलेस आणि सरळ रांगेच्या शेपटाला येऊन उभा राहिलास. मला एकट्याला पुढं राहता येईना, मीही मागं आलो. फरशी तापलेली, पायाला चटके, आणि तू मला समजावत होतास की खुर्ची सुटली तरी खुर्चीची सवय अंगातून काढावी लागते. मी म्हटलं, "अंकुश, देवालाबी लाच देत न्हाईस तू, पण माझ्या पायांचा इचार कर." हसलास फक्त. त्या दिवशी घरी येऊन पाय पाण्यात घालून बसलो होतो आणि बायकोला सांगत होतो की या माणसाबरोबर परत कुठं जायचं नाही. पुढच्या वर्षी परत गेलो.

पण आपण जन्मभर ज्याच्यावरून भांडलो ती गोष्ट एकच.

डोंगरपट्ट्यात एक वस्ती होती, ऊसतोडीला जाणाऱ्यांची. दसरा झाला की वस्ती रिकामी व्हायची. माणसं कारखान्याकडं जायची, तिकडं कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, घालून राहायची आणि पाडव्याच्या आगंमागं परत यायची. वस्तीचा माळ एका जमीनदाराच्या नावावर होता. त्यानं दावा लावला: माझ्या रानात ओसाड खोपटं पडून आहेत, राहत कुणी नाही, काढून टाकायचा हुकूम द्यावा. नोटिसा निघाल्या तेव्हा माणसं फडावर ऊस तोडत होती. नोटिसा दारांवर चिकटवल्या. पाहणीला कोर्टानं एक वकील पाठवला. त्यानं लिहून आणलं की घरांत मनुष्यवस्ती नाही, दारांना कुलपं नाहीत, दारांत काटेरी फांद्या लावलेल्या आढळल्या. त्या लोकांच्या बाजूनं कोर्टात कुणीच उभं नव्हतं. न्यायाधीश तू होतास. एकतर्फी निकाल दिलास आणि घरं पडली.

मी वस्तीवर गेलो तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. फडावरून परतणाऱ्यांचा ट्रक येऊन थांबला. बायका भांडी, गोधड्या खाली घेत होत्या, आणि घेता घेता थांबल्या, कारण ठेवायच्या कुठं? एक बाई तर घर जिथं होतं तिथं जाऊन उभी राहिली. रडली नाही. मला म्हणाली, "आमी काटी लावून गेलतो की." मला वाटलं तिला पुढं काही सांगायचंय, म्हणून मी थांबलो. तिला पुढं काहीच सांगायचं नव्हतं. तिच्या मते सगळं त्यात आलं होतं.

ते वाक्य मी मथळा म्हणून छापलं. आणि खाली लिहिलं की या काटीचा अर्थ निकाल देणाऱ्या न्यायाधीशांना ठाऊक असायला हवा होता, कारण त्यांची आई ऊस तोडायची.

अर्थ तुला माहीत होता, अंकुश. मला तूच सांगितला होतास. अंबाजोगाईला होस्टेलवर आपण एका खोलीत राहायचो. दिवाळीला सगळी पोरं गावी गेली आणि तू खाटेवर पालथा पडून पुस्तक वाचत राहिलास. मी विचारलं, "तू न्हाई का जात?" म्हणालास, "कुठं जाऊ? दाराला काटी हाय." मला कळलं नाही. मग तू सांगितलंस. घराला कुलूप लावायची ऐपत नसते आणि गरजही नसते. आई बोराटीची एक फांदी तोडून दारात घट्ट बसवते. कुत्री-ढोरं आत शिरत नाहीत आणि गावाला कळतं की घरधनी फडावर गेलेत. फांदीचा बुडखा बाहेरच्या बाजूला ठेवायचा, म्हणजे परत आल्यावर हाताला काटे न लागता धरून ओढता येतो. "कायमचा जाणारा माणूस काटी लावत बसत न्हाई," असं म्हणालास. त्या दिवाळीला मी तुला माझ्या घरी नेलं. माझ्या आईनं तुला उटणं लावलं आणि तू न्हाणीत रडलास. ते मी कुणाला सांगितलं नाही, आज सांगतोय. आता तू माझं काय वाकडं करणार आहेस?

तर असा तू. आणि तुझ्यासमोर अहवालात लिहिलेलं आलं की दारांत काटेरी फांद्या आढळल्या, आणि तू त्याचा अर्थ 'ओसाड' असा लावलास.

तुझे सोबती म्हणाले म्हणे की या संपादकाला कोर्टाच्या अवमानाची नोटीस काढा. तू काढली नाहीस. मी तेव्हा मिशीला पीळ देत फिरलो की बघा, घाबरले. खरं सांगतो, तेव्हा एका नोटिशीत माझा पेपर बसला असता. वकील द्यायचीसुद्धा माझी ताकद नव्हती. तू गप्प राहिलास म्हणून मी टिकलो. हे तुझ्या तोंडावर कधी बोललो नाही, कारण तू लगेच म्हणाला असतास की त्यात उपकार नाहीत, टीका सहन करणं न्यायाधीशाचं कामच असतं. तुझ्या त्या 'कामच असतं'चा मला इतका वैताग होता की आभार मानायची संधी तू कधी दिलीच नाहीस. आता घे. आभार, अंकुश. आता तुला नाही म्हणता यायचं नाही.

त्यानंतर वर्षानुवर्षं तू माझ्याशी बोलला नाहीस. बदल्या झाल्या, बढत्या झाल्या. मग निवृत्त झालास, बीडला घर बांधलंस आणि एका दुपारी माझ्या ऑफिसात येऊन समोरच्या खुर्चीत बसलास. मी प्रुफं तपासत होतो. वर बघितलं तर तू. म्हणालास, "चहा सांग." एवढ्या वर्षांचं मौन आणि त्याचा शेवट 'चहा सांग'. मीही मुकाट्यानं सांगितला.

चहा संपायच्या आत भांडण सुरू झालं. मी म्हणायचो, तुला माहीत होतं. तू म्हणायचास, "माहीत असणं येगळं आन् पुराव्यात असणं येगळं. न्यायाधीशानं घरून आणलेलं ज्ञान निकालात घालायचं नसतं. आज मी काटीचा अर्थ घरून आणला, उद्या दुसरा न्यायाधीश जातीचा अर्थ घरून आणंल. तेव्हा तूच बोंब मारशील." मी म्हणायचो, अरे, पण काटी तर कागदावर आली होती, कुणाला तरी बोलावून विचारायचं होतंस. तू म्हणायचास, कुणाला? समोर कुणी हजर नव्हतं. मी म्हणायचो, हजर कसं राहणार, ते फडावर होते. मग तू चप्पल शोधायचास.

आणि वर मलाच ऐकवायचास की कायद्याला घर कसं दिसतं. कायद्याला घर घरपट्टीच्या पावतीत दिसतं, विजेच्या बिलात दिसतं. अर्धं वर्ष कोपीत आणि अर्धं वर्ष माळावर राहणारा माणूस कायद्याला दोन्हीकडं दिसत नाही. बेघर म्हणून मोजायला जावं तर म्हणतात त्याचं गावाला घर आहे. घरावर हक्क सांगायला यावं तर म्हणतात तो तिथं राहत नाही. हे सगळं तू मला समजावून सांगायचास, जसा काही तो निकाल मी दिला होता. माझं रक्त उसळायचं. एवढं कळत होतं तर मग?

म्हणूनच गावातल्या विधी महाविद्यालयानं व्याख्यानांचं विचारलं तेव्हा मी प्राचार्यांना विषय सुचवले. पहिलं तुझं, न्यायाधीशाच्या नीतीवर. दुसरं माझं, वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्यावर. तिसरं दोघांनी मिळून, बेघर आणि कायदा यावर. तुला लगेच वास आला. म्हणालास, "तिन्ही मिळून एकच खटला चालवतोयस तू माझ्यावर." म्हटलं, हो. तरी तू आलास, ही तुझी मोठी गोष्ट.

पहिल्या दिवशी आलास आणि सुरुवातीलाच खोळंबा केलास. आपल्याकडं सत्काराशिवाय साधी मिटिंग होत नाही हे तुला ठाऊक नव्हतं का? संस्थेचे अध्यक्ष शाल, श्रीफळ, फेटा घेऊन उभे, फोटोवाला उभा, आणि तू हात मागं बांधून म्हणालास, "मी कधी घेतलं नाही, आता सवय लावू नका." अध्यक्ष माणूस राजकारणातला, शाल उघडल्यावर परत घडी घालायची वेळ त्यांच्यावर कधी आली नसेल. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि ती शाल माझ्या अंगावर टाकली. फेटाही मलाच बांधला. तू न्यायाधीशाच्या नीतीवर तासभर बोललास आणि मी शेजारी फेटा बांधून नवरदेवासारखा बसलो. पोरं तुझ्याकडं कमी आणि माझ्याकडं जास्त बघत होती.

पण बोललास मात्र सुंदर. घरून आणलेल्या ज्ञानाचा मुद्दा मांडलास, तोच, मला पाठ झालेला. तेव्हा मधल्या रांगेतून सारिका उठली. शेवटच्या वर्षाची पोरगी, साधा सलवार-कमीज, आवाज मात्र खणखणीत. म्हणाली, "सर, न्यायाधीशाला स्वतःला माहीत असलेली गोष्ट निकालात वापरता येत नाही, हे कळलं. पण मग त्याने तो खटला दुसऱ्या न्यायाधीशाकडे द्यावा आणि स्वतः साक्षीदार म्हणून उभं राहावं. तसं करता येतं ना?"

तू म्हणालास, "करता येतं."

"मग तुमच्यावर कधी अशी वेळ आली होती का, सर?"

तिला बिचारीला काही माहीत नव्हतं. तुझ्या खटल्याच्या वेळी ती जन्मलीसुद्धा नसेल. मी फेट्यातून तुझ्याकडं बघितलं. तू ग्लास उचललास, पाणी प्यालास, ग्लास ठेवलास. म्हणालास, "याचं उत्तर मी तिसऱ्या व्याख्यानात देईन." आणि बसलास. एवढी वर्षं भांडून माझ्या डोक्यात न आलेला प्रश्न त्या पोरीनं एका दमात विचारला होता. वकिली शिकून ती न करता मी पेपर काढला त्याचा हा परिणाम, असं तू नंतर म्हणालास.

त्या संध्याकाळी आपण चालत घरी निघालो. मी म्हटलं, "तिनं सांगितलेला रस्ता तेव्हा तुला दिसला नव्हता का?" मग म्हणालास, "दिसला होता." मी रस्त्यातच उभा राहिलो. तू पुढं म्हणालास, "साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून काटीचा अर्थ सांगितला असता. मग समोरच्या वकिलानं इचारलं असतं, साहेब, हे तुम्हाला कसं माहीत?"

"मग? सांगायचं होतं."

"तू सोपं करतोस सगळं," म्हणालास. आणि घर आलं. तू फाटक उघडून आत गेलास. मी बाहेर. पुन्हा तेच. त्या रात्री मला तुझा इतका राग आला की जेवण गेलं नाही.

दुसरं व्याख्यान माझं. त्यातही तू मला सुखानं बोलू दिलं नाहीस. पहिल्या रांगेत बसून हात वर केलास, पोरासारखा. "वक्त्यांना विचारायचंय. न्यायाधीशाच्या निकालावर टीका करायचा वृत्तपत्राचा हक्क मान्य. त्याच्या आईला छापायचा हक्क कुणी दिला?" मी म्हणालो, तुझ्या आईबद्दल वाईट अक्षर नव्हतं त्यात. तू म्हणालास, "वाईट नव्हतं. पण होस्टेलच्या खोलीत सांगितलेलं होतं ते. तू मला विचारलं नव्हतंस." पोरांना वाटलं आपण आधी ठरवून आलोय, त्यांनी टाळ्या वाजवल्या. तू हसत नव्हतास. मी सांगतो, अंकुश, अजूनही सांगतो, मी परत छापीन. ज्यानं निकाल दिला त्याला काटी कळत होती, ही बातमी होती. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास आणि मला मैत्रीसाठी बातमी मारावी लागली असती. यावर तुझं उत्तर तयार असणार, मला माहीत आहे. ते ऐकायला मिळत नाही, याचाच मला जास्त त्रास होतोय.

तिसऱ्याच्या आदल्या दिवशी तुझा फोन आला. "भास्कर, उद्या आधी मी बोलणार. तू नंतर."

"काय बोलणार?"

"ते उद्या. आन् येताना बोराटीची एक फांदी आण. बुडखा शाबूत पायजे."

मी म्हटलं, मी संपादक आहे, सरपण गोळा करणारा नाही. तू म्हणालास, "गुडघे दुखतेत माझे, न्हाई तर मीच गेलो असतो." आणि ठेवून दिलास. तुझं माझं शेवटचं बोलणं हे असं. सरपणावरून.

सकाळी मी स्कूटर काढून गावाबाहेर गेलो. कोयता घरात नव्हता, भाजीच्या विळीनं बोराटी तोडली. हात, शर्ट सगळं ओरबाडून निघालं. तुला शिव्या देत देत फांदी मागच्या सीटला बांधली आणि निघालो तर वहिनींचा फोन. मी तसाच तुझ्याकडं आलो. फाटकात माणसं जमलेली आणि मी काट्यांची फांदी घेऊन उभा. कुणीतरी म्हणालं, "भास्करराव, हे काय आणलं मयताच्या घरी?" फांदी कंपाउंडच्या भिंतीला टेकवली आणि आत आलो. तुझ्या एका गालावर साबण वाळला होता. तो कुणी पुसला नव्हता. मी माझ्या रुमालानं पुसला.

दहाव्याला वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "भावजी, तुम्ही पेपरात छापलं तेव्हा मला कळलं की सासूबाई ऊस तोडायला जायच्या. लग्नात सांगितलं होतं, शेती आहे. नोकरीच्या गावात सगळ्यांना वाटायचं यांचे वडील मास्तर होते. हे कधी हो म्हणाले नाहीत आणि कधी नाहीही म्हणाले नाहीत." मग त्यांनी डोळे पुसले. "मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं हो? माणूस एवढं कशाला लपवतो?"

मला राग आला तुझा, वहिनींसमोर बसून. एवढी वर्षं तू मला पुराव्याचा कायदा शिकवलास, नीती शिकवलीस, आणि मुळात एवढंच होतं का, की तुला लाज वाटली? पिंजऱ्यात उभं राहून आई ऊस तोडायची हे म्हणवलं नाही? का दोन्ही होतं, कायदाही खरा आणि लाजही खरी? आणि मग मला आणखी एक गोष्ट सुचली, ती मी अजून गिळतोय. तुला जे कोर्टात उभं राहून सांगता आलं नाही, ते मी न विचारता पेपरात सांगून टाकलं. चूक केली म्हणत नाही. पण तुझा राग कशाचा होता, ते मला तू गेल्यावर कळलं. हे जिवंतपणी सांगितलं असतंस तर आपण या मुद्द्यावर तरी नीट भांडलो असतो.

तेराव्यानंतर प्राचार्यांनी तिसरं व्याख्यान ठेवलं. जुनाच फ्लेक्स होता. तुझ्या फोटोखाली 'प्रमुख वक्ते' लिहिलेल्या जागी 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची पट्टी चिकटवली होती. माझा फोटो शेजारीच, त्यामुळं निम्मी पट्टी माझ्याखाली आली होती. तू असतास तर पोट धरून हसला असतास. फेटा मला पुन्हा बांधला. मी फांदी टेबलावर ठेवली. एव्हाना वाळून तिची पानं गळली होती, काटे मात्र तसेच.

मी वस्तीची गोष्ट सांगितली, निकालाची सांगितली, बुडखा शाबूत असलेली फांदी आण म्हणणारा तुझा फोनही सांगितला. मग म्हणालो, "सर आज तुम्हाला सांगणार होते की त्यांना काटीचा अर्थ माहीत होता, आणि त्यांनी साक्षीला उभं राहायला हवं होतं." पहिल्या बाकावरचा एक पोरगा लगेच म्हणाला, "सर, माफ करा, पण सर काय सांगणार होते हे तुम्ही सांगताय. हे ऐकीव झालं." चारपाच जणांनी माना हलवल्या. तूच शिकवून ठेवलेली जमात. तू मेल्यावरसुद्धा माझं बोलणं पुराव्यातून बाद करून टाकलं त्यांनी. मी खाली बसणार होतो.

तेव्हा सारिका उठली. बाकावरून न बोलता पुढं आली आणि टेबलाशेजारी उभी राहिली, साक्षीदार उभा राहतो तशी. म्हणाली, "माझं नाव सारिका. माझे आईवडील ऊस तोडतात, आत्ता फडावर आहेत. दिवाळीला मी होस्टेललाच होते, कारण आमच्या घराला काटी हाय." शुद्ध बोलता बोलता तिचं घरचं बोलणं आलं आणि तिनं ते सुधारलं नाही. फांदीचा बुडखा धरून तिनं ती उचलली, काटे आतल्या बाजूला, बुडखा स्वतःकडं. "अशी लावतेत. येणारं माणूस असं धरून काढतं. याचा अर्थ घर ओसाड न्हाई. याचा अर्थ आमी येणार हावत. हे मला माहीत हाय, कारण मी लहानपणापासून लावत आले." मागं बसलेल्यांपैकी दोघांनी, तीही बहुधा ऊसतोडीच्या घरची पोरं, मान खाली घातली होती, मग त्यांनी वर केली.

मग ती माझ्याकडं वळली. "सर, त्यांनी काय सांगितलं असतं ते सोडा. फांदी त्यांनी स्वतः मागितली होती ना? तुमच्या कानांनी ऐकलंत?"

"हो."

"बुडखा शाबूत पाहिजे म्हणाले?"

"हो."

"मग हे ऐकीव नाही," ती त्या पोराकडं बघून म्हणाली. "ते सांगणार होते. मला उत्तर मिळालं." आणि जाऊन आपल्या जागेवर बसली.

तुझ्या जागेवर उभी राहून तिनं दिलेली साक्ष ऐकताना मला तुझं कौतुकही वाटलं आणि तुझा संतापही आला. फार उशीर केलास रे. वस्ती पुन्हा उभी राहिली नाही, ती बाई कुठं गेली मला माहीत नाही. पण तू निघाला होतास, हे मला आता मान्य आहे. आपल्या भांडणात मी तुझी एवढी एकच गोष्ट मान्य करतो, आणि ती ऐकायला तू नाहीस.

कार्यक्रम संपल्यावर फांदी स्कूटरला बांधून मी तुझ्या घराकडं आलो. वहिनींना लेक सकाळीच पुण्याला घेऊन गेली होती. फाटकाला कुलूप होतं, आत तुळशीला पाणी नव्हतं. काय डोक्यात आलं कुणास ठाऊक, मी फांदी सोडली, बुडखा धरला आणि फाटकात बसवायला गेलो. हात तिथंच थांबला. ती परत येणाऱ्याच्या दाराला लावतात, तूच सांगितलं होतंस. फांदी परत घेऊन घरी आलो.